छिंग चीनवरचे असमान तह: खरी मेख कोणत्या कलमात होती?

दर्यादौलत (धागाकर्ता)

२९ ऑगस्ट १८४२. पहिलं अफूचं युद्ध चीन हरला आहे. नानकिंग शहरासमोर यांगत्से नदीत कॉर्नवॉलिस ही ब्रिटिशांची ७४ तोफांची युद्धनौका नांगर टाकून उभी आहे. तिच्यावर चीनच्या छिंग घराण्यातल्या बादशहाचे वकील छियिंग आणि यिलिबू सर हेन्री पॉटिंजरसमोर तहावर शिक्कामोर्तब करतात. हे जहाज १८१३ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानी लाकडाचं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच अडकून पडलो होतो.

नानकिंगचा तह म्हटला की हाँगकाँग आणि दंड, एवढंच आपल्याला आठवतं. दंड होता २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर. त्यात ६० लाख अफूचे (बादशहाचा अधिकारी लिन झेशूनं १८३९ मध्ये कँटनजवळच्या हुमेनला २० हजारांहून जास्त पेट्या चुना-मीठ घालून नासवल्या होत्या, त्यांची भरपाई), ३० लाख चिनी व्यापाऱ्यांकडच्या थकबाकीचे आणि १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे. म्हणजे मार खाणाऱ्याकडूनच काठीची किंमत वसूल केली.

तरीही माझं म्हणणं असं, की दंड आणि बेट ही त्यातल्या त्यात सोसण्यासारखी बाब होती. खरी मेख आली पुढच्या वर्षी, हुमेनच्या पुरवणी तहाच्या वेळी. आयात जकात साधारण ५ टक्क्यांवर बांधून टाकली, ब्रिटिश आरोपीचा न्याय ब्रिटिश वकिलातीकडे गेला आणि पुढे कुठल्याही परक्या देशाला जी सवलत मिळेल ती ब्रिटनलाही मिळेल असं कलम आलं. १८४४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्सनंही अशीच कलमं मिळवली, तीही एक गोळी न झाडता. तिथून पुढे एकानं धमकावून काही पदरात पाडलं की बाकीच्यांच्या ताटात ते आयतं वाढलं जायचं. दंड कधीतरी फिटतो. हा फास मात्र दर तहागणिक आवळत गेला. जकात ठरवण्याचा हक्क चीनला परत मिळाला तो थेट १९२८ ते १९३० च्या दरम्यान.

तुम्हाला काय वाटतं?

तळटीप

असहमत. हे तह चीनवर निव्वळ लादलेले होते, हे मला अर्धंच खरं वाटतं. युद्धाआधी, १८३५ मध्ये, याच छिंग दरबारानं मध्य आशियातल्या कोकंदच्या खानाला जवळपास अशाच सवलती दिल्या होत्या: त्याचे अधिकारी चीनच्या पश्चिम सीमेवरच्या काशगरकडच्या शहरांत बसणार, परक्या व्यापाऱ्यांवर त्यांचाच अंमल चालणार, करही तेच घेणार. परक्यांचं भांडण परक्यांनी मिटवावं ही तिकडची जुनी रीत. १८४३ ची कलमं मान्य करताना दरबाराला काही गमावल्यासारखं वाटलंच नाही, उलट डोक्याचा ताप गेला असंच वाटलं. 'असमान तह' ही घोषणा चीनमध्ये घरोघरी पोचली ती १९२० च्या दशकात.

आणि जपानचं काय? त्यांनी १८५८ मध्ये अशाच तहांवर सह्या केल्या. मग कायदे बदलले, न्यायालयं उभी केली, १८९९ मध्ये परक्यांची न्यायसत्ता संपवली आणि १९११ मध्ये जकातीचा हक्क परत घेतला. छिंग दरबाराला कुणी अडवलं होतं? घराचे वासे आतून पोखरलेले होते, हे मान्य करायला हवं.

सह्यकडा

तळटीप, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण 'काही गमावल्यासारखं वाटलंच नाही' हे वाचून राहवलं नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावानंही सहीच केली होती. मागे लागलेली होळकरांची फौज आणि समोर इंग्रज, अशा वेळी केलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचं का?

नानकिंगच्या आधी महिनाभर काय झालं ते बघा. जुलै १८४२ मध्ये ब्रिटिशांनी चेनच्यांग घेतलं. तिथेच महाकालवा यांगत्सेला मिळतो, दक्षिणेचा तांदूळ त्याच वाटेनं बीजिंगला जायचा. म्हणजे राजधानीच्या घशावरच हात ठेवला. चेनच्यांगच्या मांचू (छिंग राज्यकर्त्यांच्याच जमातीच्या) शिबंदीतल्या कित्येकांनी बायकामुलांना मारून स्वतः जीव दिला. त्यानंतर तोफा रोखून कागद पुढे केला. त्या कागदावर दरबार चर्चा काय करणार होता?

जपानचं उदाहरण तर उलटं लागू पडतं. चीनची गत डोळ्यांसमोर होती म्हणून जपान सावध झाला, आणि हात मोकळे झाल्यावर त्यानं काय केलं? चीनला युद्धात हरवून १८९५ मध्ये शिमोनोसेकीच्या तहात चीनकडूनच २० कोटी ताएल (चांदीचं चिनी वजनी माप) चांदी आणि तैवान घेतलं. वर बंदरांत कारखाने काढायचा हक्क घेतला, जो त्या 'एकाला ते सगळ्यांना' कलमामुळे युरोपीयांनाही फुकटात मिळाला.

पेठेतला_वाणी

इतिहास माझा विषय नाही, आमचा घाऊक कापडाचा धंदा. पण जकातीचं निघालं म्हणून लिहितो. लहानपणी वडिलांबरोबर ट्रकच्या केबिनमध्ये बसून जकात नाक्यावर अख्खी रात्र काढली आहे. पावती फाडेपर्यंत गाडी हलत नाही, माल भिजतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

चीनमध्ये १८५३ पासून 'लीजिन' नावाची अंतर्गत जकात होती, वाटेत नाक्यानाक्यावर द्यायची. १८५८ च्या तिएन्जिन तहानं परदेशी मालाला सूट दिली: बंदरावर आणखी अडीच टक्के एकदाच भरा, दाखला घ्या आणि थेट आतल्या मुलखात जा. आता विचार करा. एकाच रस्त्यावर दोन गाड्या. विलायती कापडाची गाडी दाखला दाखवून पुढे जाते. मागच्या गाडीत देशी कापड आहे, ते प्रत्येक नाक्यावर उतरवलं जातं, मोजलं जातं, पैसे भरून पुन्हा चढवलं जातं. देशी व्यापारी किती दिवस टिकेल? पुढे कित्येक चिनी व्यापारी गोऱ्या व्यापाऱ्याच्या नावाचा दाखला विकत घेऊन स्वतःचा माल नेऊ लागले. आपल्याच देशात धंदा करायला परक्याचं नाव लावायचं! धागाकर्त्यांशी मी शंभर टक्के सहमत. तोफ एकदा वाजते, दाखला रोज चालतो.

नर्मदाकाठ

मुंबईच्या सागवानाचा उल्लेख आलाच आहे, तर पेट्यांत काय होतं तेही सांगायला हवं. माळव्याची अफू. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची आणि मुंबईहून जहाजांत चढायची. कंपनीचा कर चुकवायचा तर पोर्तुगीजांचं दमण होतंच. सर जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या व्यापारात अमाप पैसा कमावला, त्यात अफूचा वाटा मोठा. १८४२ मध्ये, म्हणजे नानकिंगच्याच वर्षी, त्यांना 'सर' किताब मिळाला. १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झालं. माझी आई त्याच रुग्णालयातून बरी होऊन घरी आली, म्हणून हे लिहिताना जीव जड होतो. पण या चर्चेत आपण फक्त प्रेक्षक नव्हतो. त्या युद्धात मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीही होती.

सह्यकडा

ताई, हे बोललंच पाहिजे, मान्य. फक्त यामुळे ब्रिटनचा वाटा हलका होऊ नये. शेतकऱ्यानं पीक घेतलं, व्यापाऱ्यानं विकलं, पण ते चीनच्या गळ्यात उतरवायला आरमार कुणाचं गेलं? १८५८ मध्ये अफूवर रीतसर जकात बसवून ती कायदेशीर करून घेतली, तीही दुसऱ्या अफूयुद्धाच्या धाकातच.

तळटीप

पेठेतला_वाणी यांचा मुद्दा मला खोडता येत नाही, तो कोकंदच्या उदाहरणात बसत नाही. पण दुसरी बाजू ऐका. रॉबर्ट हार्ट या ब्रिटिश माणसानं १८६३ पासून सांभाळलेलं सीमाशुल्क खातं हे दरबाराच्या हाताखालचं सगळ्यात चोख खातं होतं. नियमित रोकड तिथूनच यायची. स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती ते पैसे कितपत पोचले असते?

दर्यादौलत (धागाकर्ता)

तळटीप, कोकंदबद्दल आभार, माझ्या लेखात ते यायला हवं होतं. पण ती सवलत सीमेवरच्या सहा शहरांपुरती होती. तिच्यामुळे सगळ्या देशाची जकात गोठली नाही, की दहा देशांना आपोआप हक्क मिळाला नाही.

हार्टचं खातं चोख होतं, यात वाद नाही. मला प्रश्न पडतो तो चोखपणे जमा झालेला पैसा जायचा कुठे, हा. परक्यांविरुद्धचा बॉक्सर उठाव मोडल्यावर झालेल्या १९०१ च्या तहात ४५ कोटी ताएलचा दंड लागला, ४ टक्के व्याजानं ३९ वर्षांत फेडायचा, आणि तारण म्हणून सीमाशुल्काचंच उत्पन्न लावलं. १९११ च्या क्रांतीनंतर तर ती रक्कम परदेशी बँकांतच ठेवायला सुरुवात झाली. हप्ते वळते करून उरेल तेवढं चीन सरकारला. स्वतःच्या बंदराचे पैसे हातात पडायला परक्यांची संमती लागायची.

आणि न्यायसत्तेचं सांगायचं राहिलं. ब्रिटन-अमेरिकेनं ती ११ जानेवारी १९४३ ला करार करून सोडली. पहिल्या सह्यांना तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती, आणि ज्या शांघायसारख्या बंदरांसाठी एवढं सगळं झालं, ते शांघाय त्या दिवशी जपानी फौजेच्या ताब्यात होतं.