सोसायटी ग्रुप, रविवार दुपार: काकूंना माळ्यावर 'मृत्युंजय' सापडलं

ए-२०३: माळा आवरताना कर्णावरची कादंबरी 'मृत्युंजय' हाती लागली. पुठ्ठा निखळलाय, आत खूण म्हणून एसटीचं तिकीट. अकरावीत असताना तीन रात्रींत संपवलं होतं, उशी भिजवून. आता आठ दिवस झाले तरी दीडशे पानांच्या पुढे सरकत नाहीये.

सी-१०४: काकू, चष्म्याचा नंबर तपासून घ्या 😀

ए-२०३: चष्मा ठीक आहे रे. उपमाच उपमा! सूर्य उगवायला लागला की पानभर उगवतोच आहे. आणि तेव्हा हीच वाक्यं मी वहीत उतरवून घेतली होती.

बी-४०१: असं बोलू नका, पाप लागेल.

ए-५०२: एक गंमत सांगतो. लेखक शिवाजी सावंतांचा जन्म १९४०चा, पुस्तक १९६७चं. म्हणजे लिहिणारा सत्ताविशीचा. आपण शाळा-कॉलेजात वाचलं तेव्हा तो आपल्याहून मोठा होता. आता?

ए-२०३: अगं बाई! माझा धाकटाच एकतीसचा आहे. मग उपमा माफ.

डी-३०२ (सेक्रेटरी): उद्या टाकी सफाई. सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

बी-४०१: मी दर दोन वर्षांनी वाचतो. द्रौपदीच्या स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' आलं की अजूनही गळा दाटतो.

ए-५०२: ते वाक्य भांडारकर संस्थेने जुन्या हस्तलिखितांवरून ठरवलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य पाठात नाहीच. तळटीपेत गेलंय.

बी-४०१: तळटीप वाचून कोण रडतं, काका?

सी-६०१: आणि द्यूतसभेत द्रौपदीला नको ते बोलला तो कोण? तुमचा कर्णच ना? इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' वाचा, तेही १९६७चंच. तिथे कर्णाचे लाड नाहीत.
आमच्या ह्यांनी लग्नाआधी मला 'मृत्युंजय'च भेट दिलं होतं. तेव्हा मी कर्णावर फिदा. मागच्या वर्षी परत वाचलं तर कर्णाच्या बायकोच्या, वृषालीच्या भागाशी अडकले. तिला कुणी काही विचारलंच नाही हो.

ए-२०३: मी कुंतीपाशी अडकलेय. तेव्हा तिचा नुसता राग आला होता. आता हिशोब केला, पेटी नदीत सोडली तेव्हा ती किती लहान असेल!

ए-५०२: माझं उलटं झालं. 'ययाति' कॉलेजात अर्धं टाकलं होतं, रटाळ म्हणून. परवा एका बैठकीत संपवलं. खांडेकर १८९८चे, कादंबरी १९५९ची, म्हणजे एकसष्टीला पोचलेल्या माणसाने लिहिलेली. बाप मुलाकडे तारुण्य मागतो तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत बसलो.

सी-१०४: आमचे बाबा ओटीटीचा पासवर्ड मागतात फक्त.

ए-५०२: आम्ही रविवारचा अर्धा तास मागतो. तोही मेलबर्नला किती वाजलेत ते बघून.

ए-२०३: काका, 'ययाति' द्याल का वाचायला? कुंतीला जरा वेळ देते आणि मग 'मृत्युंजय' बी-४०१ला देईन, पुठ्ठा चिकटवून.

बी-४०१: माझ्याकडे आहे की! पण द्या, तुमच्या खुणा बघायच्यात.

ए-२०३: पेन्सिलीच्या बघा. तिकीट मिळणार नाही.

डी-३०२ (सेक्रेटरी): पुस्तकं वॉचमनच्या टेबलावर ठेवू नयेत, तिथे कुरियर असतात. घरी नेऊन द्यावीत.