पल्सच्या प्रोजेक्टला कुठली टी-टेस्ट आणि कुठला ग्राफ?

फिजिऑलॉजीचं प्रोजेक्ट आहे, वर्गातल्या 20 जणांची पल्स आधी बसून घेतली मग 3 मिनिटं स्टेप टेस्ट (पायरीवर चढ-उतार) करून लगेच परत घेतली, स्टॅट्सच्या मॅडम म्हणतात टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग ते बघायची चाचणी) लावा पण एक्सेलमध्ये तीन टाइप दिसतायत, कुठला घेऊ? आणि बार ग्राफ चालेल ना?

> टाइप 1, पेअर्ड. तीच माणसं दोनदा मोजलीयेत ना, मग प्रत्येकाचा फरक काढायचा आणि टेस्ट त्या फरकांवर, डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे जोड्या वजा एक, 19. अनपेअर्ड (दोन वेगळ्या गटांसाठीची) लावलंस तर एकाची मुळातच 62 अन् दुसऱ्याची 90 हा सगळा गोंधळ आत घुसतो.

> बार नको गं बाई! कोणाची किती वाढली तेच दिसत नाही त्यात. प्रत्येकाचे दोन ठिपके रेषेने जोड, एखादी रेष खाली आली तर बहुतेक मोजण्यात घोळ. अँस्कोम या स्टॅटिस्टिशियनचे 1973 चे चार डेटासेट बघ, सरासरी तीच, कोरिलेशन (x-y चा संबंध किती घट्ट) तेच 0.816, आणि चित्रं चार तऱ्हेची.

> व्हायवात पल्स का वाढली विचारतातच. आधी व्हेगसचा (हृदय हळू ठेवणारी नर्व्ह) ब्रेक सुटतो, मग सिम्पथेटिक (हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नर्व्हज) जोर धरते. थांबल्यावर 15 सेकंद मोजून गुणिले 4 करा, पूर्ण मिनिट मोजलं तर तोवर उतरते.

थँक्स सगळ्यांना, पण त्या रेषा एक्सेलमध्ये कशा काढायच्या?

> लाइन चार्ट टाक, मग स्विच रो/कॉलम. लेजंड उडव.