स्वस्तातली १:३२ विंटेज किट: बांधावीत की नाही?

लाकडी आरा
कालच्या पोस्टचं उत्तर. 'जुन्या गाड्यांची १:३२ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या मापाची, स्वस्त प्लॅस्टिक मॉडेल किट म्हणजे रंग आणि रविवार दोन्ही वाया, पैसे साठवून १:२४ घ्या' असं चोवीसांश यांनी लिहिलं. वाचून राहवलं नाही. मी १९१२ ची फोर्ड मॉडेल टी बांधली. तिला पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), तेही आडवे. हे मी वाचलं होतं, पण चासी हातात धरून उलटी केली तेव्हा समजलं. पेडल कशी करावीत म्हणून जुने फोटो शोधले, तर तिन्ही पेडलांत अ‍ॅक्सिलरेटर नाहीच! तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर. आजच्या गाडीचं किट म्हणजे नुसतं टरफल. जुन्या गाडीचं सगळं उघड्यावर असतं, म्हणून ती बांधताना गाडी कळते.

चोवीसांश
तुमचं नशीब चांगलं. मी १९३० ची सुपरचार्जरवाली बेंटली घेतली. चासी वाकडी, गरम पाण्यात धरून सरळ केली. प्रत्येक तुकड्याला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेलं जादा प्लॅस्टिक. आणि तारेची चाकं! खरी तार ४ मि.मी. धरली तर १:३२ ला ०.१२५ मि.मी. होते. इतकं बारीक प्लॅस्टिक साच्यातून निघतच नाही. तीन रविवार घालवले आणि शेवटी बैलगाडीची चाकं लावून ठेवली. यात शिकलो काय?

पितळी दिवा
आधी 'विंटेज' म्हणणं थांबवा. इंग्रज मंडळी १९१९ ते १९३० च्या गाड्यांना विंटेज म्हणतात. १९१२ ची टी त्याआधीच्या गटातली, एडवर्डियन. आणि आरा, तुमच्या फोटोत ती काळी का? रेडिएटर पितळी केलात, बरोबर आहे. पण टी फक्त काळी मिळायची ती १९१४ ते १९२५. त्याआधी हिरव्या, लाल, निळ्या होत्या.

रत्ना, नागपूर
आपल्याकडे २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षं उलटली की विंटेज. इंग्रजांचंच का धरायचं?

लाकडी आरा
काळा लवकर वाळायचा म्हणून फोर्ड काळीच, हे लहानपणापासून ऐकतोय.

पितळी दिवा
ऐकीव गोष्ट आहे. काळा स्वस्त होता, टिकाऊ होता. १९१३ ला फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात चालती असेंब्ली लाइन आली, मग एकच रंग ठेवणं सोयीचं. तुमची गाडी त्याआधीची. चूक ती चूक.

रत्ना, नागपूर
माझे वडील तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करत होते. काळी गाडी आली की त्यांचा चेहरा उतरायचा. पुट्टीचा एकेक खड्डा काळ्यावर दिसतो, पॉलिश पेपरचा ओरखडासुद्धा. काळा सोयीचा म्हणणाऱ्याने एकदा बॉनेट घासून बघावं.

पितळी दिवा
ताई, तुमच्या वडिलांच्या गॅरेजचा आणि १९१४ च्या कारखान्याचा काय संबंध?

रत्ना, नागपूर
संबंध हाताचा आहे. तुम्ही कधी हातात स्प्रेगन धरली आहे का?

चोवीसांश
अहो, विषय किटचा आहे! अर्धा धागा काळ्या रंगात गेला. माझ्या चाकांचं कोणी बोलणार आहे का?

रत्ना, नागपूर
बोलते. गाडी निवडताना चुकलात. लाकडी आरे मुळातच जाड, ते १:३२ ला शोभतात. तारेची चाकं नाही शोभत. माझ्या मुलाने अकराव्या वर्षी पहिलं किट केलं ते लाकडी चाकांचंच. डिंकाचे डाग पडले, एक दिवा उलटा बसला, तरी रोज उचलून बघायचा. १:२४ चं महागडं किट मी त्याच्या हातात दिलंच नसतं.

चोवीसांश
बरं. लाकडी चाकं असतील आणि बांधणारा नवखा असेल, तर मान्य. बेंटलीबद्दल एक शब्द मागे घेत नाही.

पितळी दिवा
स्प्रेगन धरलेली नाही. पण १९१२ ची टी काळी नव्हतीच.

लाकडी आरा
दुसरी टी मागवली आहे. गडद निळी करतो. पहिली खरवडणार नाही, ती माझी पहिली आहे.