ड्रायरच्या लोकरी गोळ्यांवरची नक्षी

ड्रायरमध्ये कपड्यांसोबत टाकायच्या लोकरी गोळ्यांवर फेल्टिंगच्या काटेरी सुईने टोचून बसवलेली नक्षी दोन धुण्यांत सुटते म्हणून गोंद लावा, असं कुणीतरी सुचवलंय. गोंद कशाला? बहुतेक वेळा घोळ धाग्याचा असतो. अ‍ॅक्रिलिकला लोकरीच्या तंतूंवर असतात तसे एकमेकांत अडकणारे बारीक खवले नसतात, त्यामुळे सुईने टोचलं तरी ते लोकरीइतकं घट्ट गुंतत नाही. सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) लोकरही नको, तिचे खवले मुद्दाम निकामी केलेले असतात. साधी, न कातलेली मेंढीची लोकर घ्या.

आणखी एक, टोचून झालं की गोळा नायलॉनच्या जुन्या मोज्यात गाठ मारून गरम पाण्याच्या धुण्यात टाका, मग ड्रायरमध्ये. माझ्या ठिपक्यांच्या उचललेल्या कडा त्यातच बसल्या. सुई मात्र सरळ आत, सरळ बाहेर. आत असताना तिरकी वळली तर टोक तुटून आत राहू शकतं. ते सापडलं नाही तर तो गोळा कपड्यांत घालू नका, कितीही सुंदर झालेला असो!