शब्दचर्चा: ‘वर्किंग क्लास’ला कामगार म्हणावं, मजूर की आणखी काही?

अंबाजोगाईकर: ब्रिटनच्या मजूर पक्षावरचा लेख अनुवादाला घेतलाय. २०१९ च्या निवडणुकीत त्यांना २०२ जागा मिळाल्या, १९३५ नंतरच्या सर्वांत कमी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची असलेली खाणींची, गिरण्यांची गावं हातची गेली. डाव्यांनी हा ‘वर्किंग क्लास’ पुन्हा आपलासा कसा करायचा, हा विषय. मी ‘कामगारवर्ग’ लिहिलं. मावशीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “कामगार म्हंजी कंपनीतले ना? आमचं काय त्यात?” वीस हंगाम ऊस तोडलाय तिनं. आता काय लिहू?

नांदेडकर: ‘श्रमिक’ लिहा. ‘मजूर’ नको, तो फारसी. आणि माझ्या वडिलांना “ए मजूर” अशी हाक मारायचे, ती अजून कानात आहे.

परभणीची लेक: ‘कामगार’मधला ‘गार’पण फारसीच की. आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ काढला, त्यांना नाही वाटला तो शब्द हलका.

नांदेडकर: तो काळ वेगळा. आता सरकारी महामंडळाच्या नावातही ‘ऊसतोड कामगार’च आहे. त्यानं मान राहतो.

लातूरचे गुरुजी: मान शब्दात टिकत नाही. फुल्यांच्या लिखाणात ‘गोरे कामगार’ येतात, ते साहेब, अंमलदार. तोच शब्द पुढं गिरणीत आला.

वाळूजवाला: अकरा वर्षं कंपनीत ठेकेदाराकडं आहे मी. आमच्याकडं कायमवाले तेवढे ‘कामगार’, आम्ही ‘पोरं’. गेटवर ‘कामगार एकजूट’ लिहिलेलं दिसलं की ते आपल्यासाठी नाही, हे न सांगता कळतं. मत द्यायच्या वेळी हेच आठवतं.

परभणीची लेक: ऊसतोडीत तर माणूसच मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात. माझ्या आईचं नाव मुकादमाच्या वहीत कधीच आलं नाही. तापानं पडली तेव्हा खाडा मात्र बरोबर लागला. तुम्ही कामगार म्हणा नाहीतर श्रमिक, आधी तिला एक अख्खं माणूस धरा. डाव्यांनी तिथून सुरुवात करावी.

लातूरचे गुरुजी: डाव्यांचं म्हणाल तर, अंबाजोगाईकर, तुमच्याच बीडनं १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडेंना लोकसभेत पाठवलं, दोघंही कम्युनिस्ट. आमच्या घरी पक्षाचं नाव कुणी घेत नसे, ‘लाल बावट्याची माणसं’ म्हणत. दारात येऊन बसायची म्हणून ‘माणसं’.

नांदेडकर: मूळ शब्द ‘बाहुटा’. बाहू उंचावल्यासारखा दिसतो, त्यावरून.

लातूरचे गुरुजी: ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आमच्याकडं कुणी ‘बाहुटा’ म्हटलेलं ऐकलं नाही.

नांदेडकर: माझी आजी म्हणायची.

अंबाजोगाईकर: मावशीला विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणता? “तोडीवाले.” पण ब्रिटनच्या खाणवाल्यांना हे कसं लावू? सध्या ‘कष्टकरी’ लिहून ठेवतोय. लेख परवा द्यायचाय.

वाळूजवाला: ‘कष्टकरी’त शेतकरीपण येतो ना? आमच्या मालकाला वीस एकर आहे, तोही स्वतःला कष्टकरीच म्हणतो.