मुंडेल-फ्लेमिंग (खुल्या अर्थव्यवस्थेचं मॉडेल) डोक्यात शिरत नाहीये

एमए_भाग२: आयएस-एलएम (वस्तूंचा बाजार आणि पैशाचा बाजार यांच्या रेघा) कसंबसं जमलं पण बीपीची, म्हणजे परदेशाशी देण्याघेण्याच्या तोलाची रेघ आली की सगळा गोंधळ, तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत म्हणजे नक्की काय?

चहाबाज: आकृती ठेव बाजूला. १९९७ चं थायलंड घे, बाथ डॉलरला साधारण २५ ला बांधलेला, पैसा आत-बाहेर मोकळा. पैसा पळायला लागला, बाथ धरायला डॉलर विकत बसले, गंगाजळी आटली आणि २ जुलैला दर सोडावाच लागला. बांधलेला दर, मोकळं भांडवल आणि व्याजदर पण आपल्या मर्जीचा, तिन्ही एकदम नाही होत रे.

जुनी_वही: आपलं २०१३ पण बघ, रुपया घसरत होता तेव्हा आरबीआयने रेपो (बँकांना कर्ज द्यायचा नेहमीचा दर) ७.२५ टक्क्यांवरच ठेवला पण रुपया सावरायला एमएसएफ (बँकांना तातडीचं कर्ज द्यायचा दर) १०.२५ वर नेला. पेपरात हे लिहिलंस तर मार्क मिळतील.

एमए_भाग२: म्हणजे बीपी आडवी काढतात ती म्हणूनच?

चहाबाज: भांडवल पूर्ण मोकळं असेल तरच, कारण मग व्याजदर जगाच्या दराला चिकटतो. आपल्याकडे तेवढं मोकळं नाही, तिरकी काढ.