सरासरी आकारावरून नॅनोकणांची मात्रा सांगणे कितपत योग्य?

तळसाचा (धागालेखक): नॅनोकणांच्या विषारीपणावरील शोधनिबंधांत ‘इतके मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रा दिली’ असे वाक्य हमखास आढळते, परंतु ती माध्यमात (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवात) घातलेली मात्रा असते, तळाला चिकटलेल्या पेशींना मिळालेली नव्हे. समजा, सोन्याच्या 100 कणांपैकी 95 कण 20 नॅनोमीटरचे आणि 5 कण 100 नॅनोमीटरचे आहेत. सरासरी 24 येते. वस्तुमान मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुमारे 87 टक्के सोने त्या पाच कणांतच असते. बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे 3 मिलिमीटर खोल माध्यमात ते पाच कण साधारण सहा तासांत तळ गाठतात. लहान कण मात्र निव्वळ वजनाने दिवसभरात जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतात, आणि पेशींपर्यंत जातात ते मुख्यतः विसरणामुळे, म्हणजे द्रवात आपोआप इकडेतिकडे पसरत गेल्यामुळे. म्हणून आकाराचे संपूर्ण वितरण, म्हणजे कोणत्या आकाराचे किती कण आहेत हे, दिल्याशिवाय मात्रेचा आकडा मला अपुरा वाटतो.

आम्लपरीक्षा: असहमत. आपले गणित पाण्यातील सुट्या कणांचे आहे. सीरम (रक्तातील प्रथिनयुक्त द्रव) असलेल्या माध्यमात कणांवर प्रथिनांचा थर चढतो, कित्येकदा पुंजके होतात, आणि पुंजक्यात द्रव अडकल्यामुळे त्याची घनता शुद्ध सोन्याच्या 19.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरपेक्षा बरीच कमी भरते. मूळ वितरणावर काथ्याकूट करण्यापेक्षा पेशी धुवाव्यात, आम्लात विरघळवाव्यात आणि त्यांतील सोने सरळ मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावे.

तळसाचा: मोजावे, जरूर मोजावे, पण त्यातून एकूण सोने कळते, ते कोणत्या आकाराच्या कणांनी आणले हे कळत नाही. पुंजक्यांचा मुद्दा मान्य आहे, मात्र त्याचा अर्थ वितरण माध्यमातच मोजावे असा होतो, मोजूच नये असा नव्हे.

धूसर: त्यातही एक अडचण आहे. प्रकाश-विकिरणाच्या यंत्रावर (कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचा आकार काढणाऱ्या) विखुरलेला प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 20 नॅनोमीटरच्या पंधरा हजारांहून अधिक कणांइतका चमकतो. धागालेखकांच्या त्याच कुपीतील कणांचा सरासरी आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 24 आणि या यंत्रावर 100 च्या आसपास येईल. वितरण द्या म्हणताना कोणते, तेही सांगावे.

तळसाचा: कणसंख्येचे आणि वस्तुमानाचे, दोन्ही. आम्लपरीक्षा यांना एक प्रश्न: 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेशी एकदा तळाशी आणि एकदा माध्यमावर उलट्या टांगून वाढवल्या, तेव्हा लवकर बुडणारे सोन्याचे कण तळाच्या पेशींत अधिक गेले. माध्यम तेच, कणही तेच. यांतील खरी मात्रा कोणती?

आम्लपरीक्षा: दोन्ही, आपापल्या पेशींपुरत्या. म्हणूनच मी पेशींतील सोने मोजा म्हणतो.

तळसाचा: आणि म्हणूनच मी कुपीवरचा आकडा मात्रा म्हणून छापू नका म्हणतो.